डॉक्टरकाकांचं वी पिस्तूल

डॉक्टरकाकांना 'वी' हा शब्द घातल्याशिवाय मराठी बोलताच येत नसे. उत्तर आयर्लंडमध्ये सगळंच वी असतं. वी कप ऑफ टी, वी वॉक, वी ऑपरेशन. अर्थ 'छोटंसं', पण तिथे सहा फुटी माणसालाही 'वी मॅन' म्हणतात, तेव्हा अर्थापेक्षा त्यात मायाच जास्त. काका कराडहून साठच्या दशकात तिथे गेले आणि हा शब्द त्यांच्या जिभेवर कायमचा राहायला आला. "अगं, एक वी पोळी वाढ," असं ते काकूंना म्हणायचे आणि काकू त्यांना भली मोठी पोळी वाढायच्या.

मी तिथे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गेले. पुण्याहून एम.बी.बी.एस. करून निघालेली, बेलफास्टपासून तासाभरावरच्या एका गावातल्या हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर. हॉस्पिटलच्या खोलीला ओल आलेली, खिडकीबाहेर मेंढ्या, आणि दिवसभरात मराठी शब्द कानावर पडायची सोय नाही. दुसऱ्या आठवड्यात कँटीनमध्ये एक बुटका, टकला गृहस्थ ट्वीडचा कोट घालून माझ्या टेबलापाशी आला आणि काही ओळखदेख न करता म्हणाला, "पापड आणलेस?"

"आणलेत," मी म्हटलं.

"मग सामान बांध. आमची मुलगी लीड्सला शिकते, तिची खोली रिकामीच आहे. पापड घेऊन ये."

अशी मी त्यांच्या घरी राहायला गेले. खाली दवाखाना, वर घर. 

काका कोणालाही तपासायचे. पोस्टमनचं पाकीट घेता घेता त्याची नखं बघायचे. चर्चमधल्या पाद्र्याशी हस्तांदोलन करताना त्याची नाडी मोजायचे. घरी व्हिजिटला गेले की पहिलं काम म्हणजे नातेवाइकांना कामाला लावणं. एकाच्या हातात टॉर्च, एकाच्या हातात वाडगा, एकाला गरम पाणी आणायला पाठवायचं. ते गरम पाणी कशासाठी, हे मी एकदा विचारलं. "कशासाठीच नाही," ते म्हणाले. "हात रिकामे असले की माणसं घाबरतात, आणि घाबरली की मला घाबरवतात."

रोज सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी ते रस्त्यावर जुना मराठी पेपर पसरून त्यावर उताणे निजत आणि गाडीखाली डोकं घालत. गाडीला खालून बॉम्ब चिकटवलेला नाही ना, हे बघायला. त्या वेळी तिथे अनेकांना हे करावं लागे. पोलिसांनी त्यांना काठीला लावलेला आरसा दिला होता, पण काका म्हणत, "आरशात सगळं उलटं दिसतं, माझा गोंधळ होतो." मग बराच वेळ त्यांचे दोन पाय तेवढे रस्त्यावर दिसत राहत आणि वरच्या खिडकीतून काकू ओरडत, "अहो, गाडी बघताय की पेपर वाचताय?"

"दोन्ही," गाडीखालून उत्तर येई.

हे सगळं करायची वेळ का आली, तर काका पोलिसांचेही डॉक्टर होते. ठाण्यात कोणाला पकडून आणलं की त्याला तपासायचं, एखाद्या कॉन्स्टेबलला लागलं तर टाके घालायचे, रस्त्याकडेला कोणी मरून पडलेला सापडला तर जाऊन 'मेला आहे' असं रीतसर सांगायचं. हे काम त्यांना मनापासून आवडे. फोन वाजला की ताटावरून उठायचे. पण त्या काळात तिथे ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र लढा चालू होता, आणि पोलिसांचं कुठलंही काम करणं म्हणजे त्या लढणाऱ्यांच्या डोळ्यांवर येणं.

मी राहायला गेल्यावर काही महिन्यांनी एक इन्स्पेक्टर घरी आला. साध्या कपड्यांत, टोपी हातात घेऊन. काकूंनी चहा दिला. त्याने दोन घोट घेतले आणि म्हणाला, "डॉक्टर, तुमचं नाव नको त्या लोकांच्या तोंडी ऐकू आलंय."

"बरं बोलत होते की वाईट?" काकांनी विचारलं.

तो हसला नाही. म्हणाला, एक तर तुम्ही कुटुंबासह इंग्लंडला जा. नाही तर आम्ही परवाना देतो, एक लहान पिस्तूल घ्या आणि सतत अंगावर ठेवा. कोटाखाली, कोणाला दिसणार नाही असं.

इंग्लंडमध्ये कोणी खिशात पिस्तूल घेऊन फिरलं तर सरळ तुरुंगात जाईल. तिथे मात्र ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला पोलीस तशी परवानगी देत. काकू म्हणाल्या, "लीड्सला जाऊ या. मुलगी आहे तिथे."

"आणि इथले पेशंट?" काका म्हणाले.

काकूंनी चहाचे कप उचलले. काका इन्स्पेक्टरकडे वळून म्हणाले, "वी पिस्तूल असेल तर घेतो."

पिस्तूल निवडायला जाताना त्यांनी मला बरोबर नेलं, आणि बूट घ्यायला जावं तसे निघाले. रोजचे दवाखान्याचे कपडे, गळ्यात स्टेथोस्कोप. दुकान गावातच होतं. मासे पकडायच्या काठ्या, गमबूट, मेणकापडाचे कोट, आणि मागच्या बाजूला कुलूपबंद कपाटात बंदुका. दुकानदार लालबुंद चेहऱ्याचा, पोट सुटलेला. त्याने इन्स्पेक्टरचा निरोप ऐकलेलाच होता. त्याने काउंटरवर हिरवं फेल्ट पसरलं आणि पहिलं रिव्हॉल्व्हर ठेवलं. चांगलं दणकट.

काकांनी ते कोटाच्या खिशात टाकलं आणि आरशासमोर उभे राहिले. कोट एका बाजूला लोंबला. "मला पॅरालिसिस झाल्यासारखं दिसतंय," ते म्हणाले. "पेशंट माझीच चौकशी करतील. दुसरं दाखवा."

दुसरं चपटं, तळहाताएवढं पिस्तूल होतं. काकांचा चेहरा उजळला. "हे तर प्रिस्क्रिप्शनच्या पॅडएवढं आहे!" त्यांनी ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं, आरशात दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग दुकानदाराला म्हणाले, "आता तुम्ही जरा आडवे व्हा."

"कुठे?"

"इथेच, काउंटरवर. माझा दिवसातला निम्मा वेळ लोकांच्या अंगावर वाकण्यात जातो. कोटात काय टिकतं ते वाकल्याशिवाय कसं कळणार?"

त्या भल्या माणसाने मला विचारलं, "हे गंभीरपणे म्हणतायत?" मी मान हलवली. तो गळ आणि रिळं बाजूला सारून काउंटरवर उताणा झाला. काका वाकले, त्याच्या पोटावर हात ठेवला, आणि पिस्तूल आतल्या खिशातून सटकून धप्पदिशी त्याच्या पोटावर पडलं. रिकामंच होतं, पण तो "ओह, गॉड!" करून ओरडला.

"इथे एखादी आजी असती तर?" काका मला म्हणाले. पण त्यांचा हात दुकानदाराच्या पोटावरून निघाला नव्हता. उजव्या बरगडीखाली त्यांची बोटं थांबली होती. "दारू किती घेता?"

"संध्याकाळी एक वी ड्रॉप."

"तुमच्या वी ड्रॉपने लिव्हर दोन बोटं खाली आलंय. सोमवारी दवाखान्यात या. उठा आता."

उठल्यावर त्या माणसाच्या वागण्यात फरक पडला. आत्तापर्यंत तो गिऱ्हाईक सांभाळत होता, आता मनापासून विचार करू लागला. "डॉक्टर, तुम्हाला ते चपटं नकोच," तो म्हणाला. "त्याचा वरचा भाग मागे ओढायला अंगठ्यात जोर लागतो. तुमचे सांधे सुजलेत." काकांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि कौतुकाने मान डोलावली. स्वतःचं निदान दुसऱ्याने केलेलं त्यांना फार आवडलं.

तिसरं त्याने कपाटाच्या तळातून काढलं. आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. इतरांचा घोडा मागे कोंबडीच्या चोचीसारखा बाहेर आलेला असतो आणि काढताना खिशाच्या अस्तरात अडकतो. याचा घोडा आत झाकलेला, पाठ गुळगुळीत. काकांनी ते पँटच्या उजव्या खिशात घातलं. वाकले, गुडघ्यावर बसले, उठले, खुर्चीवर बसले, शिंकले. ते पडलं नाही आणि दिसलंही नाही. "हेच," ते म्हणाले. काटेकोर बोलायचं तर ते पिस्तूल नव्हे, पण घरात त्याचं नाव 'वी पिस्तूल' असंच पडलं. आणि दुकानदार सोमवारी खरंच आला.

चालवायचं शिक्षण पोलिसांनी दिलं. तिथून परतल्यावर काका खूश होते. पुठ्ठ्याच्या माणसाला त्यांच्या सगळ्या गोळ्या खांद्यापाशी लागल्या होत्या. शिकवणाऱ्याला ते म्हणाले होते, "हा वाचेल."

खिशाचं अस्तर मात्र वजनाने फाटायला लागलं. काकूंनी ते शिवायला साफ नकार दिला. "मी त्या वस्तूसाठी सुई हातात धरणार नाही." मग काकांनी दवाखान्यातली वाकडी सुई आणि काळा रेशमी धागा आणला आणि जखम शिवावी तसा तो खिसा शिवला, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. ती पँट धोब्याकडे गेली तेव्हा तिथल्या बाईने कोणाचं ऑपरेशन झालं म्हणून चौकशी केली.

काकू त्या वस्तूबद्दल काहीच बोलत नसत. काका घरी आले की ती स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवत, आणि काकू त्यावर चहाच्या किटलीची लोकरी टोपी घालत.

त्यानंतरच्या शरद ऋतूतली एक दुपार. मला सुट्टी होती. दवाखान्यात फोन आला, वरच्या डोंगराकडच्या एका शेतावरून. एका पुरुषाचा आवाज: आईला श्वास घेता येत नाही. काकांनी पत्ता ऐकला आणि क्षणभर थांबले. त्या रस्त्याने आम्हाला कळवल्याशिवाय जाऊ नका, असं पोलिसांनी बजावलेलं होतं. त्यांनी ठाण्यात फोन केला. तिकडून सांगण्यात आलं, थांबा, बरोबर माणसं देतो, पण वेळ लागेल.

"तोवर म्हातारी थांबेल का?" काका म्हणाले आणि फोन ठेवून बॅग उचलली.

काकू जिन्यावर उभ्या होत्या. "जाऊ नका," त्या म्हणाल्या. काकूंनी काकांना अडवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, दम लागलाय तिला," काका म्हणाले, जणू त्यापुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही. मग मला: "गाडी तू चालव. मला जरा डोंगर बघू दे."

दोन्हीकडे काटेरी कुंपणं, मधून एकच गाडी जाईल असा रस्ता. मी प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत होते. काका मात्र कुठल्या घरात कोणाचं बाळंतपण केलं ते सांगत होते. शेतघराच्या दारात एक माणूस उभा होता, तिशी-पस्तिशीचा, दाराएवढा. तो कोण हे मला लगेच कळलं. त्याचं नाव हॉस्पिटलात लोक आवाज खाली आणून घेत.

तो दारातून हलला नाही. "पोलिसांचा डॉक्टर तुम्हीच ना?"

"आत्ता तुझ्या आईचा," काका म्हणाले. "कुठे आहे?"

तो बाजूला झाला.

चुलीजवळ एका बुटक्या पलंगावर म्हातारी उशांना टेकून बसली होती. ओठ निळे, छातीत पाणी भरल्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. काका पलंगाशी गुडघे टेकून बसले, नळी कानाला लावली, आणि लगेच चुळबुळ करून पुन्हा उठले. त्यांचा हात पँटच्या उजव्या खिशात गेला.

मला दिसलं की त्या माणसाचे खांदे ताठ झाले.

काकांनी पिस्तूल बाहेर काढलं, नळीकडून धरलं, आणि मूठ त्याच्यापुढे केली. "हे धर जरा. मांडीला टोचतंय. भरलेलं आहे, चापाला हात लावू नकोस."

त्याने दोन्ही तळवे पुढे केले आणि प्रसाद घ्यावा तसं ते घेतलं.

त्यानंतर काका त्याला विसरले. मी इंजेक्शन भरलं, त्यांनी शीर शोधली. म्हातारीच्या पाठीवर हात फिरवत ते तिच्याशी हळू आवाजात बोलत होते, इंग्रजीत आणि मधूनच मराठीत. "बस, बस, आता जाईल सगळं पाणी." मी मात्र त्या माणसाकडे बघत होते. तो तसाच उभा, हात पुढे धरलेले, हलायला घाबरणाऱ्या मुलासारखा. हळूहळू म्हातारीचा श्वास खाली बसला. ओठांना रंग आला. तिने डोळे उघडून मुलाकडे पाहिलं.

"हातात काय आहे तुझ्या?"

"डॉक्टरांचं आहे, मॅमी."

"मग नीट धर. दुसऱ्याची वस्तू आहे."

अँब्युलन्सची सोय करून आम्ही निघालो तेव्हा त्याने दारात ते परत केलं. आधी उलटंसुलटं करून पाहिलं. "चांगलं निवडलंय," तो म्हणाला. "पण डॉक्टर, तुम्ही फार हळू काढता."

परत जाताना मी गाडी दोनदा बंद पाडली. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, "काका, असं का केलंत?"

"टोचत होतं गं," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, "आणि त्याचे हात रिकामे होते."

रात्रीच्या जेवणाला त्यांनी ही हकिकत काकूंना रंगवून सांगितली. 'फार हळू काढता' हे वाक्य तर त्या माणसाच्या आवाजात म्हणून दाखवलं. मला हसू आवरेना. काकूंनी डाव आमटीत सोडला आणि न हसता उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो इन्स्पेक्टर पुन्हा आला. या वेळी चहा घेतला नाही. "डॉक्टर, तुम्ही तुमचं भरलेलं हत्यार कोणाच्या तरी हातात दिलंत, हे खरं?"

"खरं."

"कोणाच्या?"

"पेशंटच्या नातेवाइकाच्या."

"नाव? अंदाज आहे मला, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"मी त्या घरात डॉक्टर म्हणून गेलो होतो," काका म्हणाले. "नाव मिळणार नाही."

इन्स्पेक्टरने समजावलं, आवाज चढवला, पुन्हा समजावलं. चूक त्याची नव्हती, नियम स्पष्ट होता. शेवटी त्याने फळीवरची लोकरी टोपी उचलली, पिस्तूल घेतलं आणि म्हणाला, तुमच्याकडे हत्यार नसताना मी तुम्हाला ठाण्यावर बोलावू शकत नाही. तुमचा जीव माझ्या अंगावर येईल. म्हणजे ते कामही संपलं.

काका "बरं" म्हणाले. त्याला दारापर्यंत सोडायला गेले. जाता जाता त्याची नाडी बघितली असावी, कारण परत येऊन म्हणाले, "फार जोरात चाललीय बिचाऱ्याची."

ही बातमी पोलिसांपर्यंत कोणी पोचवली? त्या खोलीत काका, मी, म्हातारी आणि तिचा मुलगा एवढेच होतो. तो मुलगा ठाण्यात जाणं शक्य नव्हतं. उरले मी. काकांनी मला कधी काही विचारलं नाही, पण न विचारणंच मला खुपायला लागलं. पुढचे कित्येक आठवडे फोन वाजला की ते ताटावरून अर्धे उठायचे आणि तो कोणाच्या सर्दीचा निघाला की पुन्हा बसायचे. ते बसणं बघवत नसे. मनात येई, सांगून टाकावं, काका, मी नाही हो सांगितलं. पण न विचारता असं सांगायचं म्हणजे आपणच आपल्याकडे बोट दाखवायचं.

मला इंग्लंडमधल्या रीडिंगला नोकरी लागली आणि ते मला फेरीबोटीपर्यंत सोडायला आले. धक्क्यावर मी धीर करून म्हटलं, "काका, एक बोलायचं होतं."

"बोटीत वी सँडविच खाऊ नकोस," ते म्हणाले, "अंडं शिळं असतं," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून मागे फिरले.

ते तिथेच राहिले. वर्षभराने इन्स्पेक्टरने त्यांना कळवलं की आता तुमचं नाव कोणी घेत नाही. पोलिसांकडे जाणं बंद झालं होतं, लोकांचा राग निवळला होता. नव्वदच्या दशकात तिथे बंदुका थंडावल्या. काकांनी दवाखाना तरुण डॉक्टरच्या हाती दिला आणि एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काकू मुलीकडे ईलिंगला आल्या. मुलगी तोवर लंडनच्या त्या भागात स्थायिक झाली होती.

मी त्यांना भेटायला गेले. त्यांच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. काकांच्या गोष्टी निघाल्या, दुकानदाराच्या पोटावर पडलेल्या पिस्तुलाची निघाली, हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं बोलले. "काकू, इन्स्पेक्टरला मी सांगितलं नव्हतं. काकांना मात्र तसंच वाटलं असणार."

"अगं वेडे," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"हे खाली दवाखान्यात होते, तू हॉस्पिटलला. मला गाडी येत नव्हती. चालत गेले ठाण्यावर, भर पावसात. पिस्तूल काढून घेतलं की पोलिसांचं काम जाणार, हे मला ठाऊक होतं. आणि ते काम गेलं की हे वाचणार. ते काम म्हणजे त्यांचा जीव होता गं, मला कळत होतं. तरी गेले."

"काकांना कधीच कळलं नाही?"

काकूंनी मांडीवरच्या शालीची घडी सारखी केली.

"परत येऊन बूट मागच्या दाराआड लपवले होते. चिंब झाले होते. तो इन्स्पेक्टर येऊन गेला, आम्ही जेवलो, झोपलो, हे एक शब्द बोलले नाहीत. सकाळी उठून बघते तर बूट बॉयलरपाशी ठेवलेले. कोरडे. आणि वरून पॉलिश केलेलं."